आधी घरातली वाचू!

मैत्रिणींनो, आपल्या घरात पुस्तकं येतात कुठून, याचा कधी विचार केलाय? दुकानात जाऊन, निवडून, स्वतःच्या पैशानं घेतलेली त्यात थोडीच असतात. बाकीची आपोआप येतात. शाळेच्या कार्यक्रमाला पाहुणी म्हणून गेलं की शाल, नारळ आणि पुस्तक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हल्ली स्टीलच्या वाटीऐवजी पुस्तकाचं वाण लुटणाऱ्याही कुणी कुणी आहेत. लेकीला वक्तृत्वात मिळालेलं बक्षीस, दिराची बदली झाली तेव्हा ‘वहिनी, तुमच्याकडं राहू द्या’ म्हणून ठेवलेलं खोकं, दिवाळी अंकांचा गठ्ठा, नात्यातल्या कुणीतरी पदरमोड करून छापलेला कवितासंग्रह. प्रत्येक पुस्तक आपण हातात घेतो, पहिलं पान उलटतो, ‘सवडीनं वाचू’ म्हणतो आणि कपाटात ठेवतो. सवड काही येत नाही, कपाट मात्र भरत जातं.

जपानी भाषेत या प्रकाराला चक्क एक शब्द आहे, ‘त्सुंदोकु’. पुस्तकं आणायची, रचून ठेवायची आणि वाचायची तेवढी राहून जायची. शब्द शंभरावर वर्षांचा जुना आहे म्हणे. म्हणजे ही तऱ्हा काही आपल्याच घरातली नाही. मराठीत त्याला शब्द नसला तरी प्रकार घरोघरी आहे.

आमच्या गंगाखेडच्या घरातही तो होताच. १९९५ साली परभणीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, अध्यक्ष होते कवी नारायण सुर्वे. मी तेव्हा शाळेत होते. वडिलांनी संमेलनातून घेतलेल्या पुस्तकांतली चार लग्नानंतर माझ्याबरोबर सासरी आली. त्यातलं एकच वाचून झालेलं. २०२२ मध्ये उदगीरला पंच्याण्णवावं संमेलन झालं, तिथून मी स्वतः सहा घेऊन आले. बचत गटाच्या कामानिमित्त गावोगाव फिरणं होतं, तिथल्या सत्कारांची पुस्तकं वेगळीच. एकदा सगळी खाली काढून मोजली, तर न वाचलेली भरली एक्केचाळीस.

संकल्प कसा ठरला

१ ते १५ जानेवारी २०२५ या काळात राज्य शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागानं ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा उपक्रम घेतला. कॉलेजांतून, ग्रंथालयांतून सामूहिक वाचन, पुस्तक परीक्षण असे कार्यक्रम झाले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातोच. शिवाय आपल्या मराठवाड्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीला ठिकठिकाणी ‘सलग अठरा तास अभ्यास’ हा उपक्रम होतो. पोरं-पोरी सकाळी पुस्तक घेऊन बसतात ती रात्रीच उठतात. मला त्याचं फार कौतुक वाटतं. ज्या माणसानं दादरला घर बांधताना आधी पुस्तकांच्या जागेचा विचार केला आणि त्याला ‘राजगृह’ नाव दिलं, त्याची जयंती अशीच साजरी व्हायला हवी.

पण हे सगळे उपक्रम विद्यार्थ्यांसाठी. स्वयंपाकघरातल्या बाईनं अठरा तास कुठून आणायचे? तिला अठरा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. आमच्या भिशीत हा विषय निघाला, तेव्हा निवृत्त शिक्षिका असलेल्या काकू म्हणाल्या, “अगं, अठरा तास एका दिवसात नको. वर्षभरात वाटून घेऊ.” तिथंच बी पडलं.

भिशीत आम्ही अकरा जणी. दोघी शिक्षिका, एक अंगणवाडी ताई, एक शिवणकाम करणाऱ्या आपा, दोघी रोज शेतावर जाणाऱ्या, बाकीच्या माझ्यासारख्या घर सांभाळणाऱ्या. त्या वर्षीच्या संक्रांतीला ठरलं, या संक्रांतीपासून पुढच्या संक्रांतीपर्यंत नवीन पुस्तक घ्यायचं नाही आणि मागायचंही नाही. आधी घरातली वाचायची. प्रत्येकीनं आपल्या राहिलेल्या पुस्तकांची यादी वहीत लिहायची. रोज वीस मिनिटं वाचायचं. महिन्याच्या भिशीला पैशांच्या चिठ्ठीबरोबर पुस्तकाचीही चिठ्ठी काढायची आणि जिचं नाव निघेल तिनं वाचलेल्या पुस्तकाबद्दल सांगायचं. चहा-चिवडा नेहमीचाच.

हिशेब साधा होता. सावकाश वाचलं तरी वीस मिनिटांत दहा पानं होतात. दोनशे पानांचं पुस्तक वीस दिवसांत. वर्षाला अठरा पुस्तकं! कागदावर हे इतकं सोपं दिसलं की सगळ्याच हसल्या.

वेळ कुठला?

पहिल्या महिन्यातच कळलं की अडचण पानांची नाही. शेतावर जाणारी एक वहिनी म्हणाली, “ताई, वीस मिनिटं हायेत हो. पण त्या वीस मिनिटांत कुणी बसू देत नाही. पुस्तक हातात दिसलं की सासूबाई म्हणत्यात, आज कामं नाहीत वाटतं?”

तुमच्याही कानावर हे वाक्य आलं असेल. बाई टीव्हीसमोर बसली तर ती मेथी निवडत बसलेली असते. फोनवर बोलली तरी एका हातानं पोळी उलटत असते. पुस्तक मात्र दोन्ही हात आणि दोन्ही डोळे मागतं. म्हणून वाचणारी बाई रिकामी दिसते आणि रिकामी बाई घराला खुपते. हे आजचं नाही. १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या रमाबाई लग्न होऊन रानड्यांच्या घरी आल्या. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला सुरुवात केली, पण घरातल्या बायकांना ते रुचलं नाही. टोमणे, अबोला सगळं त्यांनी सोसलं. १९१० साली निघालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात ते वाचायला मिळतं. नवरा शिकवायला तयार असतानाही बाईला एवढं सोसावं लागलं. ज्यांना घरात कुणाचाच आधार नव्हता, त्यांचं काय झालं असेल?

फलटणच्या बेबीताई कांबळे छोटंसं दुकान चालवायच्या. सामान बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद त्या गिऱ्हाईक नसताना वाचत. पुढं लिहायला लागल्या तेव्हा वह्या कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून लपवून ठेवत. कित्येक वर्षं असं लपवलेलं लिखाण १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ म्हणून पुस्तकरूपानं आलं. आज ते जगभर वाचलं जातं. रद्दीच्या पुडीतून वाचन करणाऱ्या बाईपुढं माझ्या काचेच्या कपाटाची मला गंमत वाटली.

मग आम्ही वीस मिनिटांची जागा शोधली. कुणाला पहाटे नळाला पाणी येईपर्यंतचा वेळ सापडला, कुणाला दुपारी डबे घासून झाल्यावरचा. अंगणवाडी ताई गाडीची वाट बघताना वाचू लागल्या. मी संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्यांच्या वेळात वाचायचे. वरण-भात होईस्तोवर सात-आठ पानं सहज होतात! आणि ज्या वहिनीला घरात टोकलं जायचं तिच्यासाठी काकूंनी युक्ती काढली. त्या दुपारी तिच्या घरी जाऊ लागल्या. मास्तरीणबाई आल्यात म्हटल्यावर सासूबाई गप्प. दोघी ओसरीवर शेजारी बसून आपापलं पुस्तक वाचायच्या. पंधरा दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, “मनात काय वाचता? मलाबी ऐकू येऊ द्या की.” त्याबद्दल पुढं सांगते.

चाळिशी आणि चाळिशी

दुसरी अडचण तर अजिबात लक्षात आली नव्हती. आमच्यातल्या बऱ्याच जणी म्हणत, “पुस्तक उघडलं की झोप येते,” “दोन पानांत डोकं चढतं.” वाचनाची आवड कमी, असं आम्ही समजत होतो. एकदा भिशीत एकीनं पुस्तक हातभर लांब धरलं तेव्हा अंगणवाडी ताईंच्या लक्षात आलं की ही आवडीची नव्हे, डोळ्यांची गोष्ट आहे.

आपल्या भाषेनं चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हटलंय ते उगाच नाही. चाळीशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग लवचीक राहत नाही, जवळचं अंधुक दिसतं. सुईत दोरा ओवता येईना, तांदळातले खडे दिसेनात, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचता येईना, ही त्याचीच लक्षणं. हा आजार नव्हे, केस पांढरे होतात तसंच हे. साधा चष्मा लावला की काम भागतं. पण घरातल्या माणसांचे चष्मे झाल्यावर बाईची पाळी येते. आम्ही सगळ्या मिळून डोळे तपासून आलो. अकरापैकी सात जणींना जवळचा नंबर निघाला. त्यातल्या चौघींनी आयुष्यात पहिल्यांदा डोळे तपासले होते. एका मावशींना मोतीबिंदूची सुरुवात असल्याचं कळलं, ते वेळेवर कळलं.

चष्मा आल्यावर एक जण म्हणाली, “मला वाटायचं, लग्नानंतर माझी बुद्धीच गंजली.” मैत्रिणींनो, कितीजणी अशा स्वतःला बोल लावून पुस्तक मिटून ठेवत असतील? तेव्हा राहिलेली पुस्तकं वाचायला घ्याल तर पहिलं काम डोळे तपासण्याचं.

गठ्ठ्यात काय काय निघालं

याद्या वाचताना आणखी एक गोष्ट दिसली. न वाचलेली पुस्तकं म्हणजे आपल्याला एकेकाळी काय व्हायचं होतं त्याची यादीच असते. कुणाकडं इंग्रजी संभाषणाची पुस्तकं, कुणाकडं फॅशन डिझाइनचं. शेतावर जाणाऱ्या दुसऱ्या वहिनीच्या ट्रंकेतून दहावीची मार्गदर्शकं निघाली, पिवळी पडलेली, पण कोरीच्या कोरी. नववी झाली आणि तिचं लग्न लागलं. मोठ्या भावानं पुढच्या वर्षासाठी आधीच आणून ठेवलेली ती पुस्तकं तिनं पंचवीस वर्षं जपली. ती म्हणाली, “वाचायची नव्हती. पण टाकायचंबी जीवावर आलं.” त्या दिवशी भिशीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

ही जुनी कहाणी वाटेल, पण तशी ती नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे अठ्ठेचाळीस जणींची लग्नं अठराच्या आत झाल्याचं दिसलं. राज्यात हे प्रमाण शंभरात बावीसच्या आसपास आहे. ऊसतोडीचं स्थलांतर, सातवी-दहावीनंतर गावात शाळा नसणं, एसटीची गैरसोय, पोरीच्या जातीची काळजी, हुंडा. कारणं आपल्याला पाठ आहेत. अर्ध्यावर सुटलेली शाळा म्हणजे आयुष्यभराची राहिलेली पुस्तकं. आपल्या जिल्ह्यातली बाई वाचत नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी तिचं पुस्तक कुठल्या इयत्तेत मिटलं ते विचारावं.

आपांची गोष्ट निराळी. त्यांच्याकडं वडिलांची उर्दू पुस्तकं होती, जुन्या कापडात बांधलेली. निजामाच्या राज्यात शिक्षण आणि कारभार उर्दूत चालायचा. आपल्या भागातले सगळ्या जातिधर्मांचे म्हातारे तेव्हा उर्दू वाचत. आपा मात्र शिकल्या मराठी शाळेत. उर्दू बोलता येतं, लिपी जेमतेम. “मी ही कशी वाचणार? माझं तर मराठीच हळू,” असं म्हणून त्या यादीच देईनात. शेवटी त्यांनी उन्हाळ्यात नातवाबरोबर बसून उर्दू अक्षरं पुन्हा गिरवली. वर्षभरात एकच पुस्तक झालं, तेही लहान मुलांच्या गोष्टींचं. आमच्या सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच पडल्या.

मोठ्यानं वाचलं तर

आता त्या सासूबाईंकडं येते. त्यांना अक्षरओळख नाही. पण ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ यांतल्या कथा त्यांना क्रमानं सांगता येतात. कारण त्यांच्या लहानपणी श्रावणात देवळात पोथी लागायची. एक वाचायचा, गाव ऐकायचं. वाचता न येणाऱ्या बायकांनी अशी कितीतरी पुस्तकं कानांनी वाचली. आमचं गंगाखेड तर संत जनाबाईंचं गाव. जात्यावर बसून म्हटलेलं शतकानुशतकं कानांवरून पुढं जातं, हे आम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणून काकूंनी त्या ओसरीवर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिलं पुस्तक आसाराम लोमटे यांचं ‘आलोक’. लोमटे आपल्या परभणीचेच, पेशानं पत्रकार. या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. काकूंनी तो तेव्हाच हौसेनं घेतला होता आणि तसाच ठेवला होता. वाचताना सासूबाई मधेच थांबवायच्या, “हे तर आपल्याच शिवारातलं हाय.” शेजारच्या दोघी-तिघी शेंगा फोडत येऊन बसायच्या. मग इंद्रजित भालेरावांचं ‘पीकपाणी’ झालं. नंतर बी. रघुनाथ यांचं ‘आडगावचे चौधरी’. परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आपण सगळ्यांनी पाहिलंय, कार्यक्रमांना गेलोय. पण त्यांचं पुस्तक वाचलेल्या आमच्यात दोघीच निघाल्या. नोकरी सांभाळून कथा, कादंबऱ्या, कविता लिहिणारा हा माणूस १९५३ मध्ये अवघ्या चाळिशीत गेला. आपल्या गावचा लेखक आपणच वाचला नाही तर दुसऱ्या कुणी वाचावा अशी अपेक्षा कशी करायची?

मोठ्यानं वाचण्याचा आणखी एक फायदा झाला. वाचणारीला ‘रिकामी’ म्हणणारं कुणी उरलं नाही. पोथी वाचणाऱ्या बाईला कधी कुणी रिकामी म्हणतं का?

पावसानं थांबवलं

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पाऊस कोसळला. गोदावरी आणि तिच्या उपनद्या गावांत, शेतांत शिरल्या. हाताशी आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, काही ठिकाणी मातीच खरवडून गेली. आमच्या दोन्ही वहिन्यांची शेतं त्यात होती. तो महिना आणि पुढचाही कुणी पुस्तकाचं नाव काढलं नाही. धान्याचे कीट, चादरी, पंचनाम्याचे कागद यांतच दिवस गेले.

एका घरी आम्ही चिखल काढत होतो. त्या घरातल्या मुलीनं मुलांची पुस्तकं दोरीवर कपड्यांसारखी वाळत घातली होती. भिजून फुगलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. तिची आई म्हणाली, “राहू दे आता ते, आधी गोधड्या वाळव.” मुलगी म्हणाली, “गोधड्यांना दोरी हाय की दुसरी.” अकरा-बारा वर्षांची पोर असेल. तिला शाळेची पुस्तकं पुन्हा मिळाली. भिशीतल्या आम्ही सगळ्यांनी आपापल्या वाचून झालेल्या पुस्तकांतून तिच्या वयाची निवडून तिच्याकडं पोचवली.

दिवाळीनंतर वहिनी भिशीला आली तेव्हा पिशवीत पुस्तक होतं. आम्ही कुणीच तिला विचारणार नव्हतो. तीच म्हणाली, “रात्री झोप लागत नव्हती. हिशेब डोक्यात फिरायचा. मग दहा पानं वाचायची. तेवढा वेळ हिशेब थांबायचा.” पुस्तकानं कर्ज फिटत नाही, पीक परत येत नाही, हे तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी त्या दहा पानांचा तिला आधार झाला, हे तिनं स्वतः सांगितलं म्हणून इथं लिहिते आहे.

वर्षाचा हिशेब

यंदाच्या संक्रांतीला वर्ष पूर्ण झालं. माझ्या एक्केचाळीसपैकी चोवीस वाचून झाली, नऊ अर्ध्यावर सोडली, आठ अजून उभी आहेत. वडिलांनी संमेलनातून घेतलेली तिन्ही झाली. एका पुस्तकात त्यांच्या अक्षरात समासात बारीक खुणा होत्या. म्हणजे मला देण्याआधी त्यांनी ते वाचलं होतं. तीस वर्षं ते पुस्तक माझ्या घरात होतं आणि त्या खुणा आता दिसल्या.

अकरा जणींपैकी यादी पुरी झाली ती एकट्या काकूंची. दोघींनी मधेच सोडलं, त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत. दहावीची मार्गदर्शकं जपणारी वहिनी? अभ्यासक्रम कधीचाच बदलला, ती पुस्तकं रद्दीत गेली. तिनं स्वतःच्या हातानं घातली. आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, याची चौकशी करून आली. बसेल की नाही माहीत नाही. चौकशीला मात्र एकटी गेली होती.

वाचून झालेली पुस्तकं आम्ही पुन्हा कपाटात घातली नाहीत. महाराष्ट्राच्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याला १९६७ पासून अर्धशतक उलटून गेलं. राज्यात हजारो सार्वजनिक वाचनालयं आहेत, परभणीच्या गणेश वाचनालयासारखी निजामाच्या काळापासूनची जुनी संस्था आपल्या जिल्ह्यात आहे. पण लहान गावातल्या वाचनालयापर्यंत बाई पोचते का? ते उघडतं संध्याकाळी, तिच्या स्वयंपाकाच्या वेळी. पारावर पुरुष पेपर वाचत बसलेले, तिथं ती जात नाही. म्हणून आम्ही दोन पिशव्या केल्या. एक अंगणवाडीत असते, एक आपांच्या शिलाई मशीनशेजारी. ब्लाऊज टाकायला येणारी बाई पुस्तक घेऊन जाते, ब्लाऊज न्यायला येते तेव्हा परत आणते. नाशिकच्या विनायक रानडे यांनी २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून पुस्तकांच्या पेट्या लोकांपर्यंत नेल्या, पुढं परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही त्या गेल्या. त्यांची पेटी, आमची पिशवी!

तुम्हाला करायचं असेल तर

• आधी मोजा. सगळी पुस्तकं खाली काढा, न वाचलेल्यांची यादी वहीत लिहा. कपाट पुसून घ्या, कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाची पुरचुंडी ठेवा, कसर लागत नाही. पुस्तकं भिंतीला चिकटवून ठेवू नका, ओल आणि वाळवी दोन्ही तिकडून येतात.

• सुरुवात लहान पुस्तकानं करा. पहिलं पुस्तक आठ दिवसांत संपलं की हुरूप येतो. जाडजूड ग्रंथ पावसाळ्यासाठी ठेवा.

• पन्नास पानं वाचूनही मन लागलं नाही तर खुशाल सोडून द्या. भेट मिळालेलं प्रत्येक पुस्तक वाचलंच पाहिजे असा काही नेम नाही. सोडलेलं पुस्तक दुसरीला आवडू शकतं.

• वेळ ठरवा आणि घरात सांगून टाका. ‘साडेतीन ते चार मी वाचते’ हे चार दिवस सांगितलं की पाचव्या दिवशी घर आपोआप जुळवून घेतं. त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत.

• एकटीनं करू नका. भिशी असो, बचत गट असो, भजनी मंडळ असो, तीन जणी पुरेत. महिन्यातून एकदा एकमेकींना सांगायचं म्हटलं की वाचणं होतं.

• डोळे तपासा. चाळिशी ओलांडली असेल तर नक्कीच.

• वाचून झालेलं पुस्तक पुढं द्या. देताना पहिल्या पानावर तारीख आणि फक्त ‘वाचलं’ एवढं लिहा. पुढची बाई तिच्या नावासमोर तसंच लिहील.

आमच्या पिशवीतल्या एका कथासंग्रहावर आता पाच तारखा झाल्या आहेत. शेवटची तारीख एका अनोळखी, अडखळत्या अक्षरातली आहे, बहुधा फार दिवसांनी पेन धरलेल्या कुणाची तरी. माझी उरलेली आठ पुस्तकं या वर्षीच्या यादीत पहिल्या आठ नंबरांवर आहेत. तुमच्या यादीत किती निघाली ते एकदा मोजा आणि पहिलं पुस्तक आज दुपारीच उघडा.